पेज आहे, फॉलोअर आहेत, पण आत जाता येत नाही: फेडिव्हर्स म्हणजे नेमकं काय?

माझा मामेभाऊ मोलगीकडचा. मोलगी म्हणजे नंदुरबार जिल्हा, अक्कलकुवा तालुका, सातपुड्यात वर. होळीच्या दिवसांत तो फोन घेऊन गावोगाव फिरायचा. ढोल, मांदल, कमरेला घुंगरं बांधून नाचणारी पोरं, मोरपिसांचे टोप घातलेले बुध्या, सगळं शूट करून एका व्हिडिओ अ‍ॅपवरच्या आपल्या पेजवर टाकायचा. चार वर्षांत पेज चांगलं वाढलं. सुरत-बारडोलीकडे कामाला गेलेली आपली माणसं तिथून कमेंट करायची, "आमच्या गावचा पण टाक रे भाऊ."

मग एका दिवाळीनंतर तो स्वतःच ऊसतोडीला गुजरातला गेला. तिकडे दुसरं सिम घेतलं, जुन्यावर रिचार्ज मारला नाही. नंबर बंद पडला. पुढे फोन फुटला, नवा घेतला, अ‍ॅपने लॉगिनसाठी ओटीपी मागितला आणि तो ओटीपी गेला बंद नंबरवर. खात्याला जोडलेला ईमेल मोबाईलच्या दुकानात कुणीतरी बनवून दिलेला. त्याचा पासवर्ड ना त्याला माहीत, ना दुकानदाराला आठवत. अ‍ॅपवाल्यांना तीन वेळा अर्ज केला, तिन्ही वेळा मशीनचं तेच उत्तर.

ते पेज आजही आहे. व्हिडिओ दिसतात, फॉलोअरचा आकडा दिसतो, अधूनमधून कुणीतरी "नवीन का टाकत नाही?" म्हणून विचारतं. त्याला उत्तर द्यायची सोय मात्र त्याच्याकडे नाही. मला म्हणाला, "दादा, माणसं माझी, नाच आमच्या गावाचा, आणि मीच बाहेर उभा."

हा लेख त्या वाक्यामुळे लिहितोय. इंटरनेटवर गेली काही वर्षं काही लोक वेगळ्या पद्धतीचं सोशल मीडिया बांधतायत. त्याला फेडरेटेड वेब, फेडिव्हर्स, डिसेंट्रलाइज्ड वेब अशी नावं आहेत. नावं जड आहेत, पण मुद्दा भावाच्या तक्रारीचाच आहे: फॉलोअर कुणाचे, आणि त्यांना घेऊन दुसरीकडे जाता येतं का?

हे फक्त भावासोबत घडलं असं नाही

ज्यांनी ऑर्कुट वापरलंय त्यांना (आता ते सगळे काका झालेत) 30 सप्टेंबर 2014 आठवत असेल. त्या दिवशी ऑर्कुट बंद झालं. एप्रिल 2019 मध्ये गूगल प्लस गेलं. 29 जून 2020 ला सरकारने 59 चिनी अ‍ॅपवर बंदी घातली, त्यात टिकटॉक होतं. खान्देशात त्या रात्री किती घरांत सुतक पडल्यासारखं झालं असेल याचा अंदाज तुम्हाला असेलच. शेतात, गोठ्यात, विहिरीच्या काठावर व्हिडिओ बनवणारी मुलं-मुली एकाच दिवसात शून्यावर आली. बंदी योग्य की अयोग्य हा वेगळा वाद. पुढे मराठीतही चालणारं आपलं देशी 'कू' आलं आणि जुलै 2024 मध्ये पैशांअभावी तेही बंद झालं.

चारही वेळा कारणं वेगळी होती. कुठे कंपनीला रस उरला नाही, कुठे सरकारने बंद केलं, कुठे पैसे संपले. वापरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर चारही वेळा एकच झालं: तुम्ही जमवलेली माणसं त्या अ‍ॅपच्या आतच राहिली. त्यांना "मी इकडे गेलोय, तुम्ही पण या" हे सांगायलाही तेच अ‍ॅप लागत होतं.

ईमेलमध्ये असं का होत नाही?

आता एक गंमत बघा. तुमचा ईमेल जीमेलवर आहे, समोरच्याचा रेडिफमेलवर, आणि कॉलेजचा स्वतःचा वेगळाच. तरी मेल जातो. जीमेलवाल्याने रेडिफवाल्याला मेल पाठवण्यासाठी रेडिफचं खातं उघडावं लागत नाही. कारण ईमेल ही एका कंपनीची वस्तू नाही. पत्र कसं लिहायचं, पत्ता कसा वाचायचा, समोरच्या सर्व्हरला कसं द्यायचं, हे नियम उघडे आहेत. ते पाळणारा कुणीही सर्व्हर चालवू शकतो. 1971 मध्ये रे टॉमलिन्सन या इंजिनियरने माणसाचं नाव आणि त्याच्या कॉम्प्युटरचं नाव यांच्यामध्ये @ हे चिन्ह ठेवलं. अमुक नाव, अमुक ठिकाणी. तो पत्ता आपण आजही वापरतोय.

फोनचंही तसंच आहे. जिओवरून एअरटेलला कॉल लागतो. यूपीआयचंही तसंच, एका अ‍ॅपवरून दुसऱ्या अ‍ॅपवाल्याला पैसे जातात. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून टेलिग्रामला मेसेज? नाही. इन्स्टाग्रामवरून यूट्यूबच्या चॅनलला फॉलो? नाही.

हे जमत नाही म्हणून नाही असं समजू नका. व्हॉट्सअ‍ॅप सुरुवातीला ज्या पायावर उभं राहिलं ती एक्सएमपीपी नावाची उघडी पद्धत होती. 1999 मध्ये जॅबर नावाने ती सुरू झाली आणि तिचा मूळ स्वभावच एका सर्व्हरने दुसऱ्याशी बोलायचा. व्हॉट्सअ‍ॅपने पाया घेतला, आपल्याला हवा तसा बदलला आणि बाहेरचं दार बसवलंच नाही. गूगलने तर बसवलेलं दार काढलं. 2005 मध्ये आलेलं गूगल टॉक पुढच्याच वर्षी बाहेरच्या सर्व्हरशी बोलायला लागलं होतं. 2013 मध्ये हँगआउट्स आणलं तेव्हा ती सोय हळूहळू गेली. म्हणजे उघडी पद्धत वापरणारी कंपनी मोठी झाली की बाहेर पडू शकते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

एकच जत्रा की गावोगावची होळी

केंद्रित, फेडरेटेड आणि पूर्ण विकेंद्रित, हे तीन शब्द लोक एकमेकांत मिसळतात. आमच्या जिल्ह्यातूनच उदाहरणं घेतो.

केंद्रित म्हणजे सगळ्यांची नोंद एकाच ठिकाणी. देशातलं पहिलं आधार कार्ड 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्याच टेंभली गावात दिलं गेलं, हे शाळेत जीकेमध्ये पाठ केलं असेल. आधारची सगळी माहिती एका केंद्रीय साठ्यात असते. पडताळणी कुठूनही करा, उत्तर तिथूनच येतं. केंद्रित म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाही. काही कामांना ते सोयीचं पडतं. फक्त त्या एका ठिकाणाने "नाही" म्हटलं की दुसरी खिडकी नसते.

फेडरेटेड म्हणजे आमची होळी. सातपुड्यात सगळ्या गावांची होळी एकाच रात्री नसते. काठीची राजवाडी होळी सगळ्यांना माहीत आहे, पण बाकीच्या गावांच्या होळ्या वेगवेगळ्या दिवशी ठरतात, आणि त्यामुळेच या गावची माणसं त्या गावच्या होळीला जाऊ शकतात. गावाचं मैदान गावाचं, मानकरी गावाचे. ढोल कधी थांबवायचा हेही गावच ठरवतं. तरी पाहुणा आला तर त्याला "आधी आमच्या गावात घर घे, मग नाच" असं कुणी म्हणत नाही. नाचाची रीत सगळ्यांना ठाऊक असते, तेवढं पुरतं.

आणि पूर्ण विकेंद्रित म्हणजे गावच नाही, माणूस थेट माणसाशी. ब्रायर नावाचं अ‍ॅप ब्लूटूथ किंवा वायफायवरून जवळच्या फोनशी सरळ बोलतं, मध्ये सर्व्हर नाही. तोरणमाळच्या वळणात रेंज गेली की हे ऐकायला भारी वाटतं. पण ब्लूटूथ किती लांब पोचतं ते तुम्हाला माहीत आहे.

लोक एक चूक नेहमी करतात, ती इथेच मोडतो: फेडरेटेड म्हणजे ब्लॉकचेन नव्हे. क्रिप्टोचा याच्याशी संबंध नाही. कुणी "फेडिव्हर्समध्ये गुंतवणूक करा" म्हणत लिंक पाठवली तर सरळ ब्लॉक करा.

'फॉलो' दाबल्यावर आत काय होतं

फेडिव्हर्समधलं सगळ्यात ओळखीचं नाव मॅस्टोडॉन. जर्मनीतल्या ऑयगन रॉख्को या तरुणाने 2016 मध्ये ते सुरू केलं. दिसायला ट्विटरसारखं. पण मॅस्टोडॉन डॉट कॉमवर जा आणि खातं काढा, इतकं सरळ ते नाही. ते एक सॉफ्टवेअर आहे. ते आपल्या सर्व्हरवर टाकून कुणीही स्वतःचं 'गाव' चालू करू शकतं.

समजा उद्या शहाद्यातल्या एखाद्या कॉलेजने असा सर्व्हर काढला आणि त्याचं नाव ठेवलं 'शहादा'. माझ्या भावाने तिथे खातं काढलं, 'होळी' या नावाने. त्याचा पूर्ण पत्ता झाला @होळी@शहादा. ईमेलसारखाच, फक्त पुढे आणखी एक @. (खरे पत्ते इंग्रजी अक्षरांत असतात, इथे समजायला मराठीत लिहिलेत.) तुमचं खातं पुण्याच्या कुठल्यातरी सर्व्हरवर आहे. तुम्ही तुमच्या अ‍ॅपमध्ये त्याचा पत्ता शोधून फॉलो दाबलंत.

तुमचा सर्व्हर शहाद्याच्या सर्व्हरला एक छोटा निरोप पाठवतो: आमच्याकडची ही व्यक्ती तुमच्या 'होळी'ला फॉलो करू इच्छिते. शहादा "चालेल" म्हणतो आणि आपल्या वहीत पत्ता लिहून घेतो. त्यानंतर भावाने काहीही टाकलं की शहाद्याचा सर्व्हर ती वही उघडतो आणि ज्या ज्या सर्व्हरवर फॉलोअर आहेत तिथल्या पेटीत पोस्ट टाकून येतो. तुम्ही कमेंट केली की ती उलट दिशेने जाते. या निरोपांची भाषा ठरलेली आहे, तिचं नाव अ‍ॅक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यू-थ्री-सी या संस्थेने 23 जानेवारी 2018 ला तिला प्रमाण म्हणून मान्यता दिली.

आता खरी मजा. ही भाषा फक्त मॅस्टोडॉनची नाही. फोटोंसाठी पिक्सेलफेड आहे, व्हिडिओंसाठी पीअरट्यूब, चर्चेसाठी लेमी, आणि सगळे तीच भाषा बोलतात. म्हणून मॅस्टोडॉनवर बसून पीअरट्यूबच्या चॅनलला फॉलो करता येतं. मेटाने जुलै 2023 मध्ये थ्रेड्स आणलं आणि 2024 पासून टप्प्याटप्प्याने त्यालाही हे दार बसवायला घेतलं. सेटिंग चालू केलेल्या थ्रेड्सवाल्याला मॅस्टोडॉनवरून फॉलो करता येतं. फेडिव्हर्समधले अर्धे लोक यावर खूश आहेत, अर्ध्यांना गूगल टॉक आठवतंय. मी दुसऱ्या गटातला.

तुम्ही कधी सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर स्टेशनला उतरला असाल तर तिथलं बाकडं बघितलं असेल. अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. स्टेशनवर घोषणा मराठीत होते, गुजरातीत होते, हिंदी-इंग्रजीतही होते. हद्द आहे, दोन्हीकडचे कायदे वेगळे आहेत, पण रुळाची रुंदी एकच असल्यामुळे गाडी अडत नाही. फेडिव्हर्समधल्या 'रुळाची रुंदी' म्हणजे अ‍ॅक्टिव्हिटीपब.

2019 मध्ये आपले लोक गेले, आणि परत आले

भारतात मॅस्टोडॉनचं नाव पहिल्यांदा गाजलं नोव्हेंबर 2019 मध्ये. सुप्रीम कोर्टातले वरिष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद करण्यात आलं. त्यांनी 1936 सालचा जर्मनीतला एक प्रसिद्ध फोटो लावला होता, ज्यात सगळी गर्दी नाझी सलाम करतेय आणि एक माणूस हाताची घडी घालून उभा आहे. त्यावरून वाद झाला आणि चिडलेले हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. आठवडाभर सगळीकडे तीच चर्चा. मग बहुतेक जण परत ट्विटरवर आले.

का आले? मला वाटतं कारण साधं होतं. पहिल्याच पानावर "सर्व्हर निवडा" असा प्रश्न. कुठला निवडायचा, फरक काय, चुकला तर काय, कुणी सांगायला नाही. ज्याला खातं काढून दोन मिनिटांत मित्र शोधायचे आहेत तो तिथेच अडकतो. आणि आत गेल्यावर आपली माणसं नाहीत. तुमच्या गावची पोरं तिथे नसतील तर नियम कितीही उघडे असले तरी तुम्ही एकटेच ढोल वाजवणार. शिवाय मेनू बराचसा इंग्रजीत. हे दोष खरे आहेत आणि फेडिव्हर्सचे भक्त ते झाकतात, याचा मला राग येतो.

गावाचा मानकरी कसा आहे ते बघा

आणखी एक गोष्ट जी खातं काढण्याआधी कळायला हवी. प्रत्येक सर्व्हरचा एक अ‍ॅडमिन असतो. कुठे एखादी संस्था, कुठे रात्री नोकरीवरून आल्यावर काम बघणारा एकटा माणूस. नियम तो ठरवतो. शिवीगाळ करणाऱ्याला तो काढू शकतो. एखादा अख्खा सर्व्हरच त्रासदायक असेल तर त्याच्याशी संबंध तोडू शकतो. जुलै 2019 मध्ये गॅब हे द्वेषाच्या मजकुरासाठी बदनाम असलेलं नेटवर्क मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं. सॉफ्टवेअर उघडं असल्यामुळे त्यांना कुणी रोखू शकत नव्हतं. पण बहुतेक सर्व्हरनी त्यांना दारातच थांबवलं. गॅब आपल्या जागी चालू, बाकीचे आपल्या जागी शांत.

याची दुसरी बाजू अशी की अ‍ॅडमिनवर विश्वास ठेवावा लागतो. मॅस्टोडॉनवरचा 'खासगी' संदेश हा व्हॉट्सअ‍ॅपसारखा एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड नसतो. अ‍ॅडमिनने ठरवलं तर सर्व्हरवर तो वाचता येतो. म्हणून तिथे आधारचा फोटो, बँकेची माहिती, प्रेमपत्रं (हो, हे पण लिहावं लागतं) पाठवू नका. खासगी बोलण्यासाठी वेगळी साधनं आहेत. मॅट्रिक्स नावाची फेडरेटेड मेसेजिंग पद्धत आहे, तिच्यात खासगी बोलणं एन्क्रिप्ट होतं. फ्रान्स सरकारचं कर्मचाऱ्यांसाठीचं 'चॅप' त्यावरच बांधलंय.

मॅट्रिक्सबद्दल आपल्याकडची एक घटना सांगायलाच हवी. मे 2023 मध्ये केंद्र सरकारने 14 मेसेजिंग अ‍ॅप ब्लॉक केली. जम्मू-काश्मीरमध्ये दहशतवादी ती वापरतात असं कारण होतं. त्यात मॅट्रिक्सचं मुख्य अ‍ॅप एलिमेंट होतं, आणि वर सांगितलेलं ब्रायरही. या बंदीला मुक्त सॉफ्टवेअर चळवळीतल्या कार्यकर्त्यांनी केरळ उच्च न्यायालयात आव्हान दिलं. न्यायालयाचं काम न्यायालय करेल. तंत्राच्या अंगाने बघायची गोष्ट वेगळी आहे: एलिमेंट हे मॅट्रिक्सकडे जाणाऱ्या अनेक दारांपैकी एक होतं. दार बंद झालं, नेटवर्क नाही. टिकटॉकच्या वेळी दार आणि घर एकच होतं.

मग सर्व्हर बदलता येतो का?

आता भावाच्या प्रश्नाकडे. मॅस्टोडॉनवर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जायची अधिकृत सोय आहे. नव्या जागी खातं काढायचं, जुन्या खात्यात जाऊन "मी तिकडे गेलो" असं सांगायचं, आणि तुमचे फॉलोअर आपोआप नव्या पत्त्याला जोडले जातात. त्यांना काही दाबावं लागत नाही. हे मी पहिल्यांदा करून बघितलं तेव्हा माझे फॉलोअर मोजून तेवीस होते. त्यातले एकवीस दुसऱ्या दिवशी नव्या घरी हजर. हसू नका, पण मला भरून आलं होतं.

पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. एक, जुन्या पोस्ट सोबत येत नाहीत. त्या जुन्या सर्व्हरवरच राहतात. म्हणजे चार वर्षांच्या होळ्या भावाला परत टाकाव्या लागतील. दुसरी, या हलवाहलवीसाठी जुना सर्व्हर चालू लागतो आणि जुन्या खात्यात तुम्हाला शिरता यावं लागतं. फेब्रुवारी 2024 मध्ये 'क्वीअर डॉट एएफ' नावाचा मॅस्टोडॉन सर्व्हर अचानक गेला. डॉट एएफ हे अफगाणिस्तानचं डोमेन. नाव गमतीशीर जुळतं म्हणून घेतलेलं, आणि तालिबान सरकारच्या मंत्रालयाने ते गोठवलं. हलायलाही वेळ मिळाला नाही. सर्व्हर निवडताना त्याच्या पत्त्याची शेपटीही बघावी, हे मी त्या दिवशी शिकलो.

फेब्रुवारी 2024 मध्ये सगळ्यांसाठी खुल्या झालेल्या ब्लूस्कायने या दुखण्यावर वेगळा उपाय काढलाय. त्याची भाषा अ‍ॅक्टिव्हिटीपब नाही, एटी प्रोटोकॉल आहे. तिथे तुमची ओळख सर्व्हरच्या नावाला बांधलेली नसते. प्रत्येक खात्याला एक कायमचा क्रमांक असतो, नाव आणि सर्व्हर त्यावर लावलेल्या पाट्यांसारखे बदलता येतात, आणि पोस्टही सोबत नेता येतात. कल्पना छान आहे. व्यवहारात मात्र बहुतेक लोक आजही ब्लूस्काय कंपनीच्याच सर्व्हरवर आहेत, म्हणजे गावं बांधायची सोय आहे पण सगळे अजून एकाच गावात राहतात.

ओळख कशाला बांधायची, हा मुद्दा आमच्याकडे फार जड आहे. भावाची ओळख मोबाईल नंबरला बांधलेली होती. डोंगरात, स्थलांतर करणाऱ्या माणसाकडे नंबर टिकतोच असं नाही. ट्रायने 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं होतं की बंद झालेला नंबर किमान 90 दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही. याचा अर्थ त्यानंतर दिला जाऊ शकतो. उद्या तो नंबर अनोळखी माणसाच्या हातात जाईल आणि ओटीपी त्याच्या फोनवर वाजेल. ऊसतोडीचा हंगाम 90 दिवसांपेक्षा मोठा असतो.

वीज, सर्व्हर, बिल: हे कोण भरणार?

जाहिराती नाहीत, डेटा विकत नाहीत, मग चालतं कसं? बहुतेक सर्व्हर वर्गणीवर चालतात. आपल्याकडचं उदाहरण म्हणजे फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया. हे स्वयंसेवक अनेक वर्षांपासून 'पॉडरी' नावाने अशा सेवा चालवत आलेत. याच मंडळींमधून 'प्रव' नावाचं मेसेजिंग अ‍ॅप निघालं. ते वर सांगितलेल्या एक्सएमपीपीवर चालतं, नंबर टाकून सुरू होतं, पण त्यावरून दुसऱ्या एक्सएमपीपी सर्व्हरवरच्या माणसाशीही बोलता येतं. त्यातली मला आवडलेली कल्पना तांत्रिक नाहीच. ही सेवा सहकारी संस्था म्हणून चालवायची, वापरणारेच सभासद, आणि नियम बदलायचे तर सभासदांनी ठरवायचे, असा त्यांचा विचार आहे.

परदेशातल्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं. आम्हाला नाही. शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला सातपुडा तापी परिसर सहकारी साखर कारखाना आहे. पी. के. अण्णा पाटलांनी उभा केलेला. शेअर म्हणजे काय, सभासद म्हणजे काय, वार्षिक सभेत माईक कसा खेचायचा, हे आमच्याकडे शाळेतल्या पोराला माहीत असतं. सहकारात काय बिघडतं हेही माहीत असतं: सभेला कुणी येत नाही, आणि मग दोन-चार घरंच सगळं चालवतात. सर्व्हरची सहकारी संस्था काढली तरी हा आजार तिला होऊ शकतो. पण संचालक बदलायला निवडणूक तरी असते. व्हिडिओ अ‍ॅपच्या मशीनने पाठवलेल्या उत्तराविरुद्ध भाऊ कुठे मत देणार होता?

भावाने शेवटी काय केलं

मी त्याला "सगळं सोड आणि फेडिव्हर्सवर ये" असं सांगितलं नाही. त्याची माणसं जिथे आहेत तिथेच त्याला राहावं लागणार. नवीन पेज त्याने त्याच व्हिडिओ अ‍ॅपवर काढलं, शून्यापासून. पण या वेळी आम्ही एका दुपारी तळोद्याला माझ्या घरी बसून काही गोष्टी केल्या. स्वतःचा ईमेल काढला, पासवर्ड त्याने स्वतः ठरवला आणि वहीत लिहिला (वही मामीच्या पेटीत आहे, कुठल्याही क्लाउडपेक्षा सुरक्षित). खात्याला नंबरसोबत तो ईमेल जोडला. दोन टप्प्यांचं लॉगिन चालू केल्यावर अ‍ॅप जे बॅकअप कोड देतं ते त्याच वहीत. पेजला दुसरा अ‍ॅडमिन म्हणून त्याच्या बहिणीला घेतलं, कारण ती ऊसतोडीला जात नाही, नंदुरबारला कॉलेजला आहे. आणि मूळ व्हिडिओ, जे फोनमध्ये शिल्लक होते तेवढे, एका मेमरी कार्डात आणि माझ्या लॅपटॉपवर.

जुन्या पेजवरचे व्हिडिओ सगळ्यांना दिसतात, त्यामुळे तिथून त्याचेच व्हिडिओ स्क्रीन रेकॉर्ड करून परत घेतोय. रेंज असेल त्या दिवशी दोन-तीन होतात. तुमचं खातं अजून तुमच्या हातात असेल तर हा त्रास घेऊ नका. जवळजवळ प्रत्येक मोठ्या अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये "तुमची माहिती डाउनलोड करा" असा पर्याय असतो. आज रात्री वायफाय मिळालं तर तो दाबून ठेवा.

फेडिव्हर्सवर पण आम्ही एक खातं काढलंच, पीअरट्यूबवर. सर्व्हर निवडताना मी चार गोष्टी बघितल्या: तो किती वर्षांपासून चालू आहे, खर्च कोण करतो हे लिहिलंय का, नियमांचं पान आहे का, आणि पत्त्याची शेपटी कुठल्या देशाची. त्यावर आत्तापर्यंत काठीच्या होळीचे नऊ व्हिडिओ आहेत. लिंक साध्या ब्राउझरमध्ये उघडते, अ‍ॅप टाकावं लागत नाही, खातं लागत नाही. त्यामुळे भाऊ ती व्हॉट्सअ‍ॅपवर बारडोलीच्या पडावावर पाठवतो आणि तिकडची माणसं बघतात.

परवा त्याचा फोन आला. एका व्हिडिओखाली फ्रेंचमध्ये कमेंट आली होती. कुणीतरी मॅस्टोडॉनवरून विचारत होतं की डोक्यावरचा तो मोरपिसांचा टोप किती जड असतो. भावाने मला भाषांतर करायला लावलं, मग बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "दादा, त्याला सांग, रात्रभर नाचलं तर सकाळी कळतं."